हा देवमासा कोणाकडचा?

गेल्या जानेवारीत माझ्या चुलतभावाने दाभोळहून मला मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. चाळीस वाव पाण्यात त्याच्या नौकेपासून थोड्या अंतरावर एक काळसर, लांब पाठ वर येते, फवारा उडतो, पाठ पुन्हा पाण्याखाली जाते आणि मागे खलाशांची ओरड ऐकू येते. सगळे मिळून अठरा सेकंद. खाली त्याने लिहिले होते, "हा तुमच्याकडचा काय रे?" मी एकोणीस वर्षे मस्कतमध्ये राहतो आणि जहाजांच्या विम्याच्या कामात आहे. आमच्या घरातल्या तीन पिढ्या, माझ्या वडिलांपर्यंत, समुद्रावर गेल्या, त्यामुळे देवमासा हा विषय मला नवा नाही. पण देवमासा 'तुमच्याकडचा' किंवा 'आमच्याकडचा' असू शकतो का, हा प्रश्न दादाने जितक्या सहज विचारला तितक्या सहज मला तो बाजूला ठेवता आला नाही. कोकणच्या समुद्राबद्दलचे जे वाद मी इथे बसून वर्षानुवर्षे वाचतो आहे, त्यांतील बहुतेकांच्या तळाशी मला हाच प्रश्न दिसतो.

दादाच्या मनात तो आला याला कारण मीच होतो. काही वर्षांपूर्वी सुट्टीत गावी गेलो असताना मी त्याला लुबानची हकिगत सांगितली होती. लुबान हा अरबी शब्द धुपाच्या डिंकासाठी आहे. ओमानच्या धोफार प्रांतातून हा धूप शतकानुशतके दूरदूरच्या देशांत गेला. हंपबॅक जातीच्या एका देवमाशाच्या मादीला हे नाव मिळाले, कारण तिच्या शेपटीच्या खालच्या बाजूवरील खुणा त्या धुपाच्या झाडासारख्या दिसतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये मसिरा बेटाजवळच्या आखातात संशोधकांनी तिच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारे छोटे यंत्र बसवले. तोपर्यंत ज्या ज्या देवमाशांना अशी यंत्रे लावली गेली होती, ते ओमानच्या किनाऱ्याच्या आसपासच वावरताना दिसले होते. लुबानने मात्र डिसेंबरात थेट पूर्वेची वाट धरली, अरबी समुद्र ओलांडून ती गोव्याच्या बाजूच्या पाण्यात आली, तेथून किनाऱ्याच्या अनुषंगाने दक्षिणेला भारताच्या टोकापर्यंत गेली आणि नंतर ओमानकडे परतली. ओमानचे आणि भारताचे पाणी हे या देवमाशांचे एकच घर आहे, असा अंदाज जाणकारांना पूर्वीपासून होता. त्याचा नकाशावर काढलेला पुरावा लुबानमुळे पहिल्यांदा हाती आला.

योगायोग असा की त्याच २०१७ साली गोव्याजवळच्या समुद्रात पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिमुद्रकावर हंपबॅकचे गाणे नोंदले गेले होते. गातात ते नर. म्हणजे मादी इकडून तिकडे गेल्याचा पुरावा मस्कतमध्ये होता, नर तिकडे गात असल्याचा पुरावा गोव्यात होता, आणि या दोन गोष्टी एकाच कुटुंबकथेचे दोन भाग आहेत हे समजण्यासाठी दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांचे काम वाचणे आवश्यक होते.

अरबी समुद्रातील हंपबॅकचे वेगळेपण थोडक्यात सांगायला हवे, कारण सहकार्याची गरज त्यातूनच निर्माण होते. जगभरातले हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या थंड पाण्यात चरायला जातात आणि हिवाळ्यात विणीसाठी उष्ण पाण्यात येतात. अरबी समुद्रातले हे देवमासे असे कुठेच जात नाहीत. ते वर्षभर याच समुद्रात चरतात आणि याच समुद्रात वितात. आनुवंशिक अभ्यासानुसार सुमारे ७०,००० वर्षांपासून ते इतरांपासून वेगळे पडलेले आहेत. त्यांना इथे राहणे शक्य होते ते मोसमी वाऱ्यांमुळे. जो नैऋत्येचा वारा आपल्याकडे पाऊस आणतो, नौका किनाऱ्यावर ओढायला लावतो आणि १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारी बंद ठेवायला लावतो, तोच वारा धोफार आणि मसिराच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी लोटून देतो. मग तळाचे थंड, पोषक पाणी वर येते, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर लहान मासे, आणि त्यांवर देवमासे. सलालाहच्या डोंगरांवरचे धुके पाहायला आम्ही मराठी कुटुंबे दर जुलै-ऑगस्टमध्ये जातो, तेव्हा मला प्रत्येक वेळी वाटते की दाभोळच्या धक्क्यावर याच क्षणी कोसळणारा पाऊस आणि हे धुके एकाच वाऱ्याची दोन टोके आहेत.

असे किती देवमासे उरले आहेत? २००० ते २००४ या काळात ओमानच्या किनाऱ्यावर काढलेल्या छायाचित्रांवरून केलेला अंदाज सुमारे ८२ चा होता, आणि संशोधक आजही शंभराच्या आतच बोलतात. हा आकडा कसा काढतात हे मी दादाला समजावले तेव्हा तो फार लक्षपूर्वक ऐकत होता. हंपबॅक खोल बुडी मारताना शेपटी पाण्याबाहेर उचलतो. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे पट्टे, ओरखडे आणि कडेचे खाचखळगे प्रत्येकाचे निराळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. एका हंगामात किती शेपट्यांची छायाचित्रे मिळाली आणि पुढच्या हंगामात त्यांतल्या किती पुन्हा दिसल्या, यावरून एकूण संख्येचा हिशेब मांडता येतो. म्हणजे या सगळ्या शास्त्राचा पाया कोणीतरी, कधीतरी, नौकेवरून नीट काढलेले एक छायाचित्र आणि त्यासोबत लिहून ठेवलेली तारीख व जागा एवढाच आहे. आता या समुद्राभोवतीच्या संशोधकांनी २०१५ साली उभारलेल्या 'अरेबियन सी व्हेल नेटवर्क'मुळे अशी छायाचित्रे एका सामायिक संग्रहात ठेवता येतात, संगणकाच्या मदतीने जुळवता येतात, आणि त्यात ओमान, भारत, पाकिस्तान, श्रीलंका, इराण, संयुक्त अरब अमिराती अशा देशांत काम करणारी माणसे एकमेकांशी बोलतात. ज्या देशांच्या सरकारांना एका टेबलाभोवती बसवणे अवघड जाते, त्या देशांतले लोक शेपट्या जुळवण्यासाठी बसतात, ही गोष्ट मला मोठी वाटते.

आता घरच्या वादाकडे येतो. मराठी वर्तमानपत्रांत देवमासा प्रामुख्याने दोन कारणांनी येतो. एक म्हणजे 'देवमाशाच्या उलटी'ची तस्करी करताना अमुक जण पकडले, अशी बातमी. (तो पदार्थ उलटी नसून स्पर्म व्हेल या जातीच्या आतड्यात तयार होतो, पण बातमीत तो शब्द कायमचा चिकटला आहे.) दुसरे कारण म्हणजे किनाऱ्याला लागलेला देवमासा. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या पुळणीवर देवमाशाचे पिल्लू आले, तेव्हा गावकरी, वनविभाग, तटरक्षक आणि जीवरक्षक यांनी त्याला पुन्हा खोल पाण्यात नेण्यासाठी रात्रंदिवस जी धडपड केली, ती मी इथून मोबाइलवर पाहत होतो आणि माझ्या लोकांचा मला अभिमान वाटत होता. पण ते पिल्लू कोणत्या कळपातले, त्याची आई कुठे असेल, त्या महिन्यात त्या पट्ट्यात आणखी कोणी देवमासे पाहिले होते का, हे प्रश्न चार दिवसांच्या चर्चेत फारसे कोणी विचारले नाहीत. मेलेला किंवा मरणपंथाला लागलेला देवमासा बातमी होतो. जिवंत, आपल्या वाटेने जाणारा देवमासा कुठल्याच कागदावर येत नाही.

आणि जेव्हा अशा नोंदी ठेवून त्या इतर देशांना द्याव्यात असे कोणी म्हणते, तेव्हा ठरलेला आक्षेप येतो, की आपल्या समुद्राची माहिती परक्यांच्या हाती का द्यायची? मागच्या सुट्टीत आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी मला हाच प्रश्न केला आणि तो तळमळीने केला. त्यांचे म्हणणे असे, की आधी ते माहिती नेतील, मग आपल्यालाच नियम शिकवतील. या आक्षेपात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पाण्याखाली ठेवलेला ध्वनिमुद्रक देवमाशाबरोबर पाणबुडीचाही आवाज टिपतो, तेव्हा नौदलाने त्याबाबत काळजी घेणे योग्यच आहे. कच्चे ध्वनिमुद्रण देशात ठेवून त्यातल्या गाण्यांचे तपशील तेवढे वाटून घेता येतात. पण सगळ्याच माहितीला कुलूप लावण्याने काय होते, याचे उदाहरण याच समुद्रात घडलेले आहे.

१९६६ च्या नोव्हेंबर महिन्यात सोव्हिएत शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या समोरच्या पाण्यात २४० च्या आसपास हंपबॅक मारले. आज उरलेल्या संख्येच्या दुपटीहून अधिक देवमासे एका महिन्यात गेले. ही शिकार बेकायदा होती, म्हणून देवमाशांच्या शिकारीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे तिची खरी नोंद कधी गेलीच नाही. खोटे आकडे गेले, आणि तीन दशके जगभरचे शास्त्रज्ञ त्या खोट्या आकड्यांवर आपले हिशेब मांडत राहिले. सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर १९९० च्या दशकात तिथल्याच जीवशास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदवह्या उजेडात आणल्या. त्या नोंदवह्यांत मारलेल्या देवमाशांच्या पोटातले अन्न आणि गर्भांची लांबी लिहून ठेवलेली होती, आणि त्यावरूनच हे प्राणी इथेच चरतात, इथेच वितात, ते दक्षिणेकडून आलेले पाहुणे नाहीत, हे ठामपणे मांडता आले. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ सुन्न होतो. ज्या माहितीने हे देवमासे वाचवायला तीस वर्षे आधी मदत झाली असती, ती कोणाच्या तरी कपाटात बंद होती. हिंदी महासागर १९७९ मध्ये देवमाशांसाठी अभयक्षेत्र जाहीर झाला, तोवर अरबी समुद्रातले किती गेले हे ठरवणाऱ्यांना ठाऊकच नव्हते.

परक्यांशी सहकार्य म्हणजे आपले काही गमावणे, असे ज्यांना वाटते त्यांना मी गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची जन्मकथा आठवून देतो. १९५९ ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची चाळीसहून अधिक संशोधन जहाजे या महासागरात फिरली. त्या काळात या महासागराविषयी जगाला सर्वांत कमी माहिती होती. मोहिमेत गोळा झालेले तरंगत्या सूक्ष्म प्राण्यांचे नमुने वर्गवारीसाठी कोचीला उभारलेल्या जीवशास्त्रीय केंद्रात आले, तेथे भारतीय तरुण शास्त्रज्ञ त्यावर तयार झाले, आणि मोहीम संपताच १ जानेवारी १९६६ रोजी आपली राष्ट्रीय संस्था उभी राहिली. आज आपण जिला आपली म्हणतो, ती संस्था अनेक देशांनी मिळून केलेल्या मोजणीच्या पोटी जन्मली आहे. त्या मोहिमेतून भारताने दिले त्यापेक्षा मिळवले अधिक.

मच्छीमारांचा आक्षेप याहून निराळा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. दादाने तो मला एका वाक्यात सांगितला: "नोंद झाली की बंदी येते." १९८७ मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हापासून तिथल्या लोकांनी त्याला केलेला विरोध सगळ्या किनाऱ्याने पाहिला आहे. आपल्या पाण्यात दुर्मिळ प्राणी आहे असे कागदावर आले, तर उद्या आपल्या होड्यांना तिथे मज्जाव होईल, ही भीती मालवणपुरती राहिलेली नाही. म्हणून देवमासा दिसला तरी तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, गप्प बसतो, जाळ्यात कासव आले तर सोडून देतो पण कोणाला सांगत नाही. पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून पारंपरिक मच्छीमारांचा जो संघर्ष रत्नागिरी-सिंधुदुर्गात चालू आहे, त्यात आधीच होरपळलेल्या माणसाला आणखी एका नियमाची धास्ती वाटली तर त्याला दोष देता येणार नाही. त्याला दोष न देता त्याचा विश्वास कसा मिळवता येईल, एवढाच खरा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर महाराष्ट्राने स्वतःच शोधले आहे आणि त्याचे पुरेसे कौतुक झालेले नाही. डिसेंबर २०१८ पासून राज्यात अशी योजना आहे, की जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडून दिला तर मच्छीमाराला जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून घेतलेले जाळे कापताना माणसाचा हात कसा थरथरतो हे मी पाहिले आहे. त्या हाताला आधार देणारी ही योजना आहे. भरपाई मागताना प्राणी सोडल्याचे छायाचित्र किंवा चित्रफीत द्यावी लागते. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर, मच्छीमारांनी स्वखुशीने काढलेल्या, दुर्मिळ सागरी प्राण्यांच्या चित्रफिती सरकारकडे जमा होत आहेत. त्या पैसे मंजूर करण्याच्या कामी येतात. त्याच चित्रफितींतून प्राण्याची जात, दिवस, खोली आणि अक्षांश-रेखांश नीट उतरवून घेतले, तर तो देशातील फार मोलाचा नोंदसंग्रह होऊ शकेल. अशी नोंद कोचीला असलेल्या केंद्रामार्फत युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाच्या 'ओबिस' या जागतिक माहितीसंग्रहात जाण्याची वाट आधीच तयार आहे. दाभोळच्या नौकेवरून तिथपर्यंत जाणारा पहिला टप्पा तेवढा आपल्याला बांधायचा आहे.

पाकिस्तानात हेच दुसऱ्या तऱ्हेने झाले. तिथे २०१२ पासून वर्ल्डवाइड फंड फॉर नेचर या संस्थेने कुपा (ट्यूना) माशांची जाळी टाकणाऱ्या नौकांच्या तांडेलांनाच नोंदकार बनवले. काय दिसले, काय अडकले, कुठे, हे तेच लिहू लागले. देवमाशांच्या अनेक नोंदी अशा माणसांकडून आल्या, ज्यांना पूर्वी कोणी विचारलेसुद्धा नव्हते. पाकिस्तानचे नाव आले की आपल्याकडे चर्चा भलतीकडे जाते, हे मला ठाऊक आहे. पण कराचीचा तांडेल आणि दाभोळचा तांडेल यांच्या जाळ्यांखालून एकच देवमासा जाऊ शकतो, आणि त्याची अर्धी हकिगत एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे राहिली तर ती दोघांच्याही उपयोगाची नाही.

मी ओमानचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाही. इथेही देवमाशांचे काम मोजक्या माणसांच्या आणि एका लोकसंस्थेच्या खांद्यांवर उभे राहिले आहे. इथल्या ज्या हंपबॅकची छायाचित्रे तपासली गेली, त्यांतल्या ३० ते ४० टक्के देवमाशांच्या शेपटीच्या मुळाशी जाळ्यांत अडकल्याच्या खुणा आढळल्या; म्हणजे इथलीही जाळी त्यांच्या वाटेत आहेत. मसिराच्या आखाताच्या काठावर दुक्म येथे मोठे बंदर वाढते आहे आणि त्याची जहाजे नेमकी देवमाशांच्या पाण्यातून जातात. फरक एवढाच, की बंदर वाढू लागले तेव्हा देवमासे कुठे आणि कधी असतात याची वर्षानुवर्षांची छायाचित्रे आणि उपग्रहांनी टिपलेले मार्ग हाताशी होते, म्हणून जहाजांचा वेग आणि वाट यांबद्दल निदान ठोस बोलता आले. मी जहाजांच्या धंद्यात असल्याने सांगतो, की नकाशावर आखलेली जागा आणि ठरावीक महिने दाखवले तर कप्तान वेग कमी करायला तयार होतो. 'इकडे कुठेतरी देवमासे असतात' एवढ्याने कोणी ऐकत नाही. डहाणूजवळ वाढवण बंदराचा वाद मी वाचतो तेव्हा मला हेच जाणवते. त्या बाजूने किंवा विरोधात मी इथे बसून मत देणे योग्य नाही, तो तिथे राहणाऱ्यांचा हक्क आहे. पण वाद सुरू होण्याच्या वीस वर्षे आधीपासून कोणी शांतपणे मोजत असेल, तरच वादाच्या वेळी दोन्ही बाजूंना मान्य होईल असा आकडा पुढे ठेवता येतो. मोजणी वादानंतर सुरू झाली, की ती एका पक्षाची ठरते.

देवमासा हा ताटातला विषय नाही म्हणून तो दूरचा वाटतो. मग सुरमईचे घ्या. मस्कतच्या मुत्रा बाजारात तिला कनद म्हणतात, आणि इथे दरवर्षी १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या काळात ती पकडायला बंदी असते. आपल्याकडची पावसाळी बंदी याआधीच संपलेली असते. ही सुरमई हिंदी महासागर कुपा आयोगाच्या यादीत आहे. भारत आणि ओमान दोघेही त्या आयोगाचे सदस्य आहेत, आणि आयोगाचे शास्त्रज्ञ तिचा साठा मोजताना सगळ्या हिंदी महासागरात तो एकच धरतात. गेली काही वर्षे ते या माशाच्या अतिमासेमारीबद्दल इशारा देत आहेत. खरोखर तो एकच साठा आहे की अनेक, हे ठरवायला प्रत्येक देशाने कोणत्या महिन्यात, कुठे, केवढ्या आकाराची सुरमई किती पकडली, याचे नीट आकडे लागतात. बंदरावर उतरलेल्या मालाची जी नोंद हर्णैला होते, तिची खरी-खोटी ठरण्याची किंमत मस्कतच्या ताटातही मोजली जाते, आणि उलटही तितकेच खरे आहे. सुरमई कमी झाली ती परराज्यांतल्या एलईडी नौकांमुळे, असे दादा म्हणतो आणि त्याचा राग रास्त असेल. पण समुद्राच्या दुसऱ्या काठावर काय चालले आहे हे कळल्याशिवाय त्या रागाला पूर्ण उत्तर मिळणार नाही.

भारताने काहीच केले नाही, असेही नाही. २०१८ मध्ये केंद्राने अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या पुनरुज्जीवन कार्यक्रमात अरबी समुद्रातल्या हंपबॅकचा समावेश केला. फेब्रुवारी २०२० मध्ये स्थलांतरित प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद गांधीनगरला झाली. सिंधुदुर्गाच्या पाण्यात कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या तरुणांनी छोट्या होडीतून फिरून आणि मच्छीमारांशी बोलून २०१५ मध्ये निळ्या देवमाशांची नोंद केली. माझ्या मते ती या किनाऱ्यावरच्या अलीकडच्या काळातल्या सर्वांत सुंदर बातम्यांपैकी एक आहे. निर्यातीचा रेटाही आहे. ज्या देशाच्या मासेमारीत सागरी सस्तन प्राणी मरतात, त्याने आपली व्यवस्था आमच्या तोडीची असल्याचे दाखवावे, तरच त्याचा माल घेऊ, असा नियम अमेरिकेने २०१६ मध्ये केला. त्यानंतर निर्यात प्राधिकरणाच्या साह्याने आपल्या मत्स्यसंशोधन संस्थांनी देशाच्या सागरी क्षेत्रात डॉल्फिन आणि देवमाशांची मोजणी हाती घेतली. कोळंबीच्या बाजारासाठी का होईना, मोजणी सुरू झाली याचे मी मनापासून स्वागत करतो. फक्त ती बाजाराच्या अटी बदलल्या की थांबू नये.

खोल समुद्राचा नवा करार आता आपल्या दाराशी आला आहे. कोणत्याही देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्रातील जैवविविधतेविषयीचा हा करार जून २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत स्वीकारला गेला, भारताने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर सही केली आणि १७ जानेवारी २०२६ पासून तो अमलात आला. लुबानची वाट नकाशावर पाहिली की त्याचा अर्थ उलगडतो. ती ओमानच्या आर्थिक क्षेत्रातून निघाली, मध्ये कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या पाण्यातून गेली आणि भारताच्या आर्थिक क्षेत्रात शिरली. एका प्रवासात तीन कायदे. मधल्या पट्ट्यात कोणी काय पाहिले, हे लिहून ठेवण्याची जबाबदारी आजवर कोणाचीच नव्हती. त्या पट्ट्यातून रोज जी व्यापारी जहाजे जातात, त्यांच्यावर रत्नागिरी-रायगडची किती मुले आहेत हे मला माझ्या कामामुळे रोज दिसते. पहाऱ्यावर उभ्या असलेल्या खलाशाने दिसलेला फवारा वेळ आणि जागेसह लिहून ठेवावा, यासाठी जहाजाला थांबावे लागत नाही. मुंबईच्या नौवहन प्रशिक्षणात हा एक तासाचा धडा घालता आला, तर जगातल्या समुद्रांवर पसरलेले आपले डोळे कामाला येतील.

दादाच्या चित्रफितीचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मी ती मस्कतमधल्या एका ओळखीच्या संशोधकाला दाखवली. त्यांनी ती सात-आठ वेळा थांबवून पाहिली. पाठीवरचा पर उंच आणि मागे वळलेला आहे, पाठ सडपातळ आहे, तेव्हा हा हंपबॅक नसून बहुधा ब्राइड्स जातीचा देवमासा असावा, असे ते म्हणाले; पण अठरा सेकंदांवरून शपथ घेता येणार नाही. मग त्यांनी दिवस, वेळ, खोली आणि जागा विचारली. दिवस आणि खोली दादाला आठवत होती. जागा त्याने "अंजनवेलचा दीपस्तंभ मागे टाकून दोन तास" अशी सांगितली. संशोधकांनी ती तशीच लिहून घेतली.

मी दादाला फोन करून सांगितले, की हा तुमच्याकडचाही असेल आणि आमच्याकडचाही, ते अजून कोणाला ठाऊक नाही. त्यावर तो थोडा वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "मग शेपटी वर काढणारा दिसला तर काय काय लिहायचे, ते सांग." मी सांगितले. त्याने ते खलाशांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून घेतले आहे, आणि मार्चअखेरपर्यंत त्या पानावर तीन नोंदी झाल्या आहेत: दोन डॉल्फिनच्या, एक कासवाची, तिन्हींपुढे यंत्रावर दिसलेले अक्षांश-रेखांश.